भुवयांपर्यंत

१

आमच्या घरात माझं काम एकच होतं. वाट बघणं.

सूनबाई घरूनच काम करायची. लग्नाचे फोटो काढणारे लोक तिच्याकडे ढीगभर फोटो पाठवायचे, आणि ती कम्प्युटरवर ते पानापानांत मांडून त्यांचे अल्बम करून द्यायची. कम्प्युटर माझ्या खोलीत होता. तो उघडायला फार वेळ लावायचा आणि त्याच्यासमोर बसून राहायला घरात रिकामा मीच.

सकाळी उठलो की मी बटण दाबायचो. आतून घर्र असा आवाज यायचा, लांबच्या विहिरीवर कुणी रहाट ओढतंय तसा. आवाज चढायचा, स्थिरावायचा, आणि पडद्यावर एक बारीक कडं गोल गोल फिरायला लागायचं. तेवढ्यात माझी दाढी व्हायची. कुंड्यांना पाणी घालून व्हायचं. चहा पिऊन, कप विसळून स्टुलावर येऊन बसलो तरी कडं फिरतच असायचं. मग कधीतरी सूनबाईचं आदल्या दिवशीचं काम आपोआप उघडायला लागायचं. फोटो वरून खाली यायचा, पट्टी पट्टीनं. आधी मांडवाची झालर, मग केसातली फुलं, मग कपाळ, मग डोळे. बाकीचा भाग करडा. करडा भाग संपला की मी हाक मारायचो.

"सूनबाई, उघडला!"

ती ओट्यावरून हात पुसत यायची. "किती वेळ बसलात, बाबा. पाठ दुखत नाही का?"

"त्याची दुखते," मुलगा बुटाचे बंद बांधता बांधता म्हणायचा. "एक बाबा, एक हा. एकाला ढकललं की दुसरा हलतो."

"असू दे हो, बाबा निदान तापत तरी नाहीत."

मी हसायचो. मी कौलांच्या कारखान्यात भट्टीवर होतो, उभी हयात. भट्टी विझली तरी दार लगेच उघडायचं नसतं. घाई केली की आतलं सगळं तडकतं. शाळेत मी गेलो नाही, पण एवढं मात्र माझ्या हाडात मुरलेलं. थांबायचं. गार होऊ द्यायचं.

२

एक दिवस उघडता उघडता फोटो मधेच अडला. आतला घर्र आवाज थांबला आणि कट्-कट्, कट्-कट् सुरू झालं. म्हातारं माणूस दाताखाली सुपारी फोडत बसतं, तसं. पडद्यावर वरची वीतभर पट्टी आली होती, खाली सगळं करडं.

पट्टीत एक भिंत होती. भिंतीवर घड्याळ, घड्याळाखालून तिरका गेलेला तडा.

असतं असं एखाद्याच्या घरी, मी म्हटलं. भिंती सगळीकडे सारख्याच. पण तड्याच्या टोकाला, भेगेत भरतात त्या लांबीचा, एक ठिपका होता, आणि तो ठिपका मी माझ्या बोटानं लावला होता. पावसाचं पाणी झिरपायचं म्हणून. मी मान वळवून मागच्या भिंतीकडे बघितलं. घड्याळ, तडा, ठिपका.

सूनबाईला हाक मारली. ती पीठ मळत होती. "गिऱ्हाइकाचा असेल, बाबा. बिघडलेला दिसतोय. काढून टाकते नंतर." तिनं तो काढून टाकला, माझ्यासमोर. दुसऱ्या दिवशी आधी तोच उघडला.

आणि आदल्या दिवसापेक्षा थोडा जास्त. आता तड्याखाली एका लोकरी टोपीचा शेंडा दिसत होता. माझी टोपी. शेंड्याचा एक धागा सुटून उभा राहिलेला. मी डोक्याला हात लावला. धागा सुटलेला होता. काल नव्हता. सकाळी टोपी घालताना खिळ्याला अडकून सुटला होता.

मी मनाशी म्हटलं, कम्प्युटरला डोळा असतो म्हणतात, त्यानंच काढला असेल फोटो. सूनबाईला विचारलं. ती म्हणाली, "आपल्याला कुठला डोळा, बाबा? इतकं जुनं डबडं." मग मी म्हटलं, म्हातारपण. नजर गेली की माणूस भिंतीवर हत्तीसुद्धा बघतो.

त्यानंतर रोज थोडा थोडा तो खाली येत गेला. कट्-कट् करायचा, थांबायचा, परत कट्-कट्, आणि दोऱ्याएवढी पट्टी सरकायची. मी बसून राहायचो. दुसरं करणार काय? ते माझं कामच होतं.

टोपीच्या शेजारी, टोपीच्या मागे, केस आले. काळेभोर, तेल लावून चापून बसवलेले. मधोमध भांग. भांग इतका सरळ की पट्टीनं आखल्यासारखा.

माझ्या स्टुलामागं भिंत आहे. स्टूल आणि भिंत यांच्यात माझा हातसुद्धा आडवा जात नाही. तिथं खिळ्याला माझा सदरा असतो. मी उठून सदरा काढला, भिंतीवरून तळवा फिरवला. गार होती. परत बसलो. बसल्यावर मात्र मान वळवावीशी वाटेना.

३

मुलाला दाखवायचं ठरवलं. "जरा थांब," म्हटलं, "तुला एक दाखवायचंय."

तो ऑफिसला निघालेला. स्टुलाजवळ उभा राहिला, एका पायावरून दुसऱ्या पायावर. कडं फिरत होतं. त्यानं घड्याळ बघितलं, खिशातल्या किल्ल्या वाजवल्या.

"काय आहे, बाबा?"

"येईल आता."

"आता म्हणजे? या जन्मात का?"

"उतावळा नवरा," आतून सूनबाई म्हणाली.

"तू गप गं. बाशिंग बांधूनच तर फसलो." आणि त्यानं बटण दाबून धरलं. पडदा काळा झाला. "हे डबडं बदलायलाच हवं. उद्याच बोलावतो दुरुस्तीवाल्याला. ही खोली तिला कामाला नीट करून देऊ. तुम्ही व्हरांड्यात झोपा, हवा पण छान येते."

त्या घरात तो फोटो माझ्याशिवाय कुणाला दिसला नाही, त्याचं कारण एवढंच. बाकी कुणी तेवढा वेळ थांबत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुरुस्तीवाला यायच्या आधी फोटो कपाळापर्यंत आला. रुंद कपाळ, एकही सुरकुती नाही. मग भुवया. तिथं तो अडला. कट्-कट्, कट्-कट्. करडी कड भुवयांखाली नुसती थरथरत होती, डोळे मिटताना पापणी थरथरते तशी. मी बघत बसलो. एका क्षणी मला असं वाटलं की कड खालून कुणीतरी वर ढकलतंय आणि यंत्र बिचारं दम लागेपर्यंत ती धरून ठेवतंय.

४

दुरुस्तीवाल्याला सगळे चिमटा म्हणायचे. सदऱ्याच्या खिशाला कायम एक बारीक चिमटा खोचलेला. हसरा पोरगा, हात चपळ. त्यानं खोक्याला कान लावला.

"ऐकताय, आजोबा? आत एका डब्यात तबकडी फिरते आणि तिच्यावरून सुईसारखं एक टोक जातं, ते वाचतं. तबकडीवर डाग पडले की टोक तिथं अडखळतं. मागं येतं, परत जातं, परत मागं. हा आवाज त्याचा."

"डबा बदलायचा कधी, हे कळतं कसं?" मुलानं विचारलं.

"माणसासारखंच की. उठायला वेळ लावायला लागतो. चालता चालता गोठतो. एकच जागा पुन्हा पुन्हा वाचत बसतो. तोवर चालवून घेता येतं. पण आवाज काढायला लागला की मग वाट बघायची नाही. आहे ते दुसरीकडे उतरवून घ्यायचं आणि हा फेकायचा. नव्यात फिरणारं काही नसतंच. आवाज नाही, थांबणं नाही. बाकी मशीन तुमचं ठणठणीत आहे."

"मेमरी वाढवली तर?" सूनबाई म्हणाली.

"ताई, पाय मोडलेल्याला मोठं घर देऊन काय उपयोग?"

दोघं हसले. मी विचारलं, "जी जागा त्याला वाचता येत नाही, तिचं काय होतं?"

"सोडून पुढं जाता येतं."

"मग सोड. ती सोडच, पोरा."

मुलानं माझ्याकडे बघितलं. "का? त्यात काय आहे तुमचं?"

माझ्याच्यानं सांगवेना. काय सांगणार? माझ्यामागं कुणीतरी उभं आहे आणि त्याचा भांग सरळ आहे? मी म्हटलं, "हळू आहे तेच बरंय. चाललंय की."

"चाललंय तुमचं," मुलगा म्हणाला. "तो पळायला लागला की तुम्हाला स्टुलावरून उठावं लागेल, ते दुखणं आहे. बाबांची नोकरी जातेय गं!"

सूनबाई तोंडाला पदर लावून हसली. मला राग आला नाही. मी स्वतःच्या आत बघितलं, खरंच तसं आहे का म्हणून. थोडं होतंही तसं. म्हणून मी गप्प बसलो. तिथंच चुकलं.

चिमटा जुना डबा काढून पिशवीत घालत म्हणाला, "पण कमाल आहे. याची ही अवस्था असूनही तो डागाच्या आतलं बरंचसं वाचून आलाय. माणूस कंटाळून बंद करतो ना, तेव्हा तोही नाद सोडतो. तुमच्याकडे कुणीतरी समोर बसूनच राहिलंय. बसाल तितका वेळ तो बिचारा प्रयत्न करत राहतो. रोज थोडं, रोज थोडं."

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी माझ्या हातांकडे बघितलं. या हातांनी कधी भट्टीचं दार घाईनं उघडलं नाही.

५

दोन दिवसांनी चिमटा परत आला तो खुशीत. जुना डबा, नवा डबा शेजारी शेजारी ठेवला. नवा एवढासा, पत्त्यांच्या जोडापेक्षा पातळ.

"ती जागा सोडली ना?" मी हळूच विचारलं.

"सोडली? आजोबा, एक कण सोडला नाही! पुढून जाईना, तर मी म्हटलं थांब लेका. मागून शिरलो. शेवटाकडून उलटं वाचत यायचं. दोन्हीकडून आलं की मधलं जातं कुठं?"

त्यानं बटण दाबलं. मी सवयीनं दाढीच्या साबणाच्या वाटीकडे वळलो, आणि वळेपर्यंत पडदा उघडलासुद्धा. आवाज नाही. काहीच नाही. खोली इतकी गप्प झाली की घड्याळाचा काटा ऐकू आला.

"अगंबाई!" सूनबाई लहान पोरीसारखी टाळ्या वाजवायला लागली. पडद्यावर लग्नाचे फोटो भराभर पलटत होते. "अहो, पापणी लवायच्या आत!"

"बाबा, आता तुम्ही खरंच रिटायर," मुलगा म्हणाला, आणि माझं स्टूल उचलून त्यानं भिंतीलगत पालथं ठेवलं. संध्याकाळी माझी गादी व्हरांड्यात गेली.

सकाळी मुलगा कामावर गेल्यावर मी स्वयंपाकघरात माझा कप विसळत होतो. सूनबाई खोलीत, फोनवर मैत्रिणीशी बोलत होती. "अगं, विचारूच नकोस, विमान आहे विमान. बघ, हा उघडला, हा उघडला, हा..."

मग काही नाही.

मी नळ बंद केला. फोनमधून मैत्रिणीचा बारीक आवाज येत होता, "हॅलो? हॅलो?"

मी दारापर्यंत गेलो. सूनबाई खुर्चीत ताठ बसली होती. पडद्याची बाजू मला दिसत नव्हती. तिचा चेहरा दिसत होता, त्यावर पडद्याचा उजेड, आणि तिचे डोळे वरून खाली जात होते. हळूहळू. पट्टी पट्टीनं. खाली पोचले की परत वर.

"सूनबाई?"

तिनं हात पुढं करून पडदा विझवला. बराच वेळ माझ्याकडे बघितलं नाही.

"बाबा," ती म्हणाली, "इतके दिवस तुम्ही इथं एकटेच बसायचात?"

"एकटाच."

"बरं," ती म्हणाली.

मग ती उठली, खुर्ची उचलून तिनं भिंतीला टेकवली, पाठ अगदी भिंतीला लागेल अशी, आणि तिच्यावर बसून राहिली. दुपारचं जेवण मी केलं.

६

पुढचं लवकर झालं.

आधी तिला उठायला वेळ लागायला लागला. हाक मारली की डोळे उघडायचे, पण तिला त्यांच्यामागून यायला वेळ लागायचा. मग पोळी लाटता लाटता ती गोठायची, लाटणं हवेत. मग एकच वाक्य परत परत. "भाजीत मीठ, भाजीत मीठ, भाजीत मीठ." मुलगा आधी चेष्टा करायचा, मग चिडायला लागला. अल्बम अडकले होते. "नाटकं पुरे आता. विमान आणून दिलं तर हिनंच चाक काढून ठेवलं."

मग एका सकाळी तिच्या घशातून आवाज आला. कट्-कट्. टाळूला जीभ लावून काढतात तसा, पण तोंड बंद होतं.

मुलगा दारात उभा होता. त्यानं माझ्याकडे बघितलं आणि मी त्याच्याकडे. चिमट्याचं बोलणं दोघांनाही आठवलं असणार. मुलगाच आधी बोलला, हलक्या आवाजात.

"अशीच राहिली तर मला दुसरी सोय बघावी लागेल, बाबा. मी किती दिवस काढू?"

ती तिथंच होती. तिला ऐकू जात होतं. तिच्या डोळ्यांतून पाणी आलं, पण ते यायलाही वेळ लागला. मुलगा तोवर निघून गेला होता.

तिची खाट माझ्या जुन्या खोलीत घातली. कम्प्युटर उचलून कपाटावर ठेवला. आणि मुलानं माझं स्टूल सरळ करून खाटेसमोर मांडलं, भिंतीलगत, पूर्वीच्याच जागी. "तुम्हाला नाहीतरी सवय आहे. बसा. शुद्धीवर आली की हाक मारा, मी औषध देईन."

म्हणजे मला माझं काम परत मिळालं.

सकाळी बसायचो. ती छताकडे बघत पडलेली. कट्-कट्. बऱ्याच वेळानं तिची नजर खाली सरकायची, भिंतीवरून, माझ्या दिशेनं, आणि ओठ हलायचे.

"भिंत," ती म्हणायची. "घड्याळ. तडा."

थांबायची. कट्-कट्.

"टोपी. केस. भांग."

"बास, पोरी," मी म्हणायचो. "नको पुढं. झोप."

"कपाळ. भुव..."

तिथं ती अडायची. मान थरथरायची, कपाळाला घाम यायचा. ती अडायची की अडवून धरायची, ते मला कळेना. मी तिचा हात धरून बसायचो. मग तिची नजर निसटायची आणि ती झोपायची. मी घाईघाईनं उठून जायचो, समोर बसून राहिलो तर ती रोज थोडं पुढं वाचत जाईल म्हणून. वाट बघत बसण्यानं काय ओढवतं ते मला आता ठाऊक होतं. पण मुलगा मला परत आणून बसवायचा. "उठू नका हो! तुमच्याकडे बघून तरी ती बोलते."

ती माझ्याकडे बघत नव्हती. थोडं वर. थोडं मागं.

७

डॉक्टर आले. तरुण, गोड बोलणारे. तिच्या डोळ्यांत उजेड टाकून बघितला, गुडघ्यावर टिचकी मारली.

"काही गंभीर नाही. मेंदू जरा मंदावलाय. नवीन गोळी आली आहे, उद्यापर्यंत बघा, भडाभडा बोलायला लागतील."

"डॉक्टरसाहेब," मी म्हटलं, "हळू राहू दे तिला. बोलली नाही तरी चालेल. मी करीन तिचं सगळं. भरवीन, पुसीन. पण तिला अशीच राहू दे."

डॉक्टरांनी मुलाकडे बघितलं. मुलगा ओशाळून हसला.

"वयामुळं," तो म्हणाला. मग मला कोपऱ्यात घेऊन, दात आवळून, "लाज नाही वाटत? तुमच्या एका स्टुलासाठी ती आजारी राहायला हवी का?"

त्यानं गोळी माझ्या डोळ्यांदेखत तिच्या जिभेवर ठेवली. ती दात आवळून धरत होती. त्यानं नाक दाबलं, लहान पोराचं दाबतात तसं.

आज सकाळी ऊन खिडकीतून खाटेवर आलं होतं. मुलगा स्वयंपाकघरात चहा करत होता, शीळ घालत. मी स्टुलावर येऊन बसलो. सूनबाईचा श्वास अगदी मोकळा चालला होता. घशात आवाज नव्हता. खोली गप्प. घड्याळाचा काटा ऐकू येत होता.

तिनं डोळे उघडले. पापणी लवायच्या आत.

"भिंत घड्याळ तडा टोपी केस भांग कपाळ भुवया डोळे," ती म्हणाली, एका दमात, "नाक ओठ ओठ उघडे हनुवटी मान हात," आणि माझ्या डाव्या खांद्याकडे बघत ती थांबली. तिच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. तिला माझी कीव आली होती.

"बाबा," ती म्हणाली, "वळू नका."

मी वळलो नाही. खांद्यावर सदरा थोडा दबला होता, एवढंच. मानेपाशी खोबरेल तेलाचा वास आला. माझं काम मला ठाऊक होतं. मुलाला बोलवायचं, तो आला असता, त्यानं बघितलं असतं. मी हाक मारायला तोंड उघडलं.

माझ्या कानामागून, माझ्याच आवाजात, माझ्याच लकबीत कुणीतरी हाक मारली.

"उघडली!"

स्वयंपाकघरातली शीळ थांबली.

"आलो, बाबा," मुलगा म्हणाला.